ड्राइव्हवर ताजा काळा रंग दिसला की आधी शंका घ्या

ज्या माणसानं मला बोट विकली त्यानं आता दुसरी विकायला काढलीये, आणि जाहिरातीतल्या फोटोत परत ड्राइव्हला, म्हणजे बोटीच्या मागं लटकणाऱ्या, पंखा फिरवणाऱ्या गिअरपेटीला, तोच चकचकीत काळा रंग. तेव्हा म्हटलं लिहूनच टाकतो, लाज वाटत होती म्हणून वर्षभर गप्प बसलो होतो. इथं मिसूरीत लेक ऑफ द ओझार्क्सला जाणारी आपली मंडळी आहेत, त्यातल्या दोघांनी एवढ्यातच विचारलं की जुनी परफॉर्मन्स (म्हणजे वेगानं पळणारी) बोट घेऊ का. घ्या की, पण आधी माझं ऐका.

माझी बोट 28 फुटी, आत मर्क्रूझरचं 496 मॅग एचओ म्हणजे 425 हॉर्सपॉवर, मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह. मी मिरजेचा, मेकॅनिकलचा डिप्लोमा, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं हा माज होताच. सर्व्हेअरचे, म्हणजे घेण्याआधी बोट तपासून देणाऱ्याचे, सहा-सातशे डॉलर वाचवले. बायको म्हणाली होती, अरे बोलव की कुणाला तरी. असो.

विकणारा साठीचा, गोड बोलणारा. इंजिनाचं झाकण उघडून गिअर ऑइलची, म्हणजे ड्राइव्हच्या तेलाची, तिथं जोडलेली बाटली दाखवली, तेल एकदम स्वच्छ. मग मागे नेऊन ड्राइव्ह शॉवर दाखवला, म्हणाला मी ड्राइव्हची फार काळजी घेतो. शॉवर म्हणजे ड्राइव्हच्या वरच्या भागाभोवती बारीक भोकांची नळी, ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) खालच्या पिकअपमधून, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या तोंडातून, वेगाच्या जोरावर पाणी वर चढतं आणि तिथं फवारतं. इंजिनाची सगळी ताकद ड्राइव्हच्या वरच्या गिअरपेटीत काटकोनात खाली वळते, तिथं गिअर तापतात, खालची पेटी पाण्यातच असते म्हणून थंड राहते पण बोट पळायला लागली की वरची पेटी हवेत उघडी पडते. चारशे हॉर्सपॉवरचा नुसता एक टक्का जरी गिअरच्या घर्षणात गेला तरी तीन किलोवॅट झाले, म्हणजे आपल्या बाथरूममधला गीझर, तो चालू आहे जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर तेलात, तासन्‌तास. त्यामुळं शॉवर बघून मी खूश.

विचारलं पाणी उडताना दिसत नाही ते? तर म्हणे, इंजिन सावकाश चालत असताना उडतच नाही, वेग लागतो. आणि हे खरंय! या माणसाची गंमतच ही, की तो खोटं असं बोललाच नाही कुठं. ट्रायलला स्टिअरिंगवर मी, एप्रिलची सकाळ, पाणी गारठलेलं, दहा मिनिटं पळवली आणि वळलो. पळत्या बोटीत स्विम प्लॅटफॉर्मच्या (मागच्या, पोहायला उतरायच्या फळीच्या) खाली कोण वाकून बघतंय?

जुलैत पाणी 85 फॅरनहाइटच्या आसपास. बॅग्नेल धरणाकडून पाहुण्यांना घेऊन परत येत होतो, वीसेक मिनिटं थ्रॉटल जवळजवळ पूर्ण, आणि मागून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. टेंपरेचरची सुई जागच्या जागी होती म्हणून मी निवांत, तिथंच चुकलो, कारण ती सुई इंजिनाची. ड्राइव्हच्या तेलाची सुई माझ्या बोटीत नव्हतीच. मग शिट्टीची घरघर झाली तेव्हा बंद केलं. मागे जाऊन बघतो तर ड्राइव्हच्या टोपीवरचा नवा रंग पापडासारखा फुगलेला, आणि खाली जुना रंग आधीच करपून तपकिरी झालेला. ओंजळभर पाणी टाकलं तर तव्यावर उडतं तसं चर्र झालं.

मेकॅनिकनं तळाचा प्लग काढला. काळंकुट्ट तेल, करपलेल्या फोडणीसारखा वास, आणि प्लगच्या चुंबकावर लोखंडाची नुसती दाढी उगवलेली. वरचे गिअर, बेअरिंग, कोन क्लच, सगळं गेलं. 4,200 डॉलर. आणि बाटली? बाटलीतलं तेल तेव्हाही स्वच्छच होतं! कारण ते ड्राइव्हमध्ये फारसं फिरतच नाही, नुसतं कमी-जास्त होतं, म्हणजे बाटलीपुरतं तेल बदललं की गिऱ्हाईक खूश. मग मेकॅनिकनं शॉवरची नळी ओढली तर ती सरळ हातात आली. ट्रिम सिलिंडरच्या (ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या दांड्याच्या) मागे कापलेली, तोंडात सिलिकॉन भरलेलं, झिप टायनं नीट बांधलेली. खाली पिकअपही मोडका होता, तोही काळा रंगवलेला.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, कागदावर ॲज इज (आहे तशी, जबाबदारी नाही) लिहिलंय, तुम्ही सही केलीत. दुसऱ्या फोनला ब्लॉक. वकिलानं पण कागद बघून नकारार्थी मान हलवली.

आता मी काय करायला हवं होतं ते सांगतो. बोट ट्रेलरवर असतानाच बागेचा पाइप पिकअपच्या तोंडाला दाबून धरायचा आणि शॉवरमधून पाणी येतंय का बघायचं, दोन मिनिटांचं काम. तळाचा प्लग जरासा सैल करून चमचाभर तेल पांढऱ्या कागदावर घ्यायचं: दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय, काळं असेल तर तापलंय. बाटलीकडे बघून खूश व्हायचं नाही. ट्रायल उन्हाळ्यात, दुपारी, निदान अर्धा तास, आणि परत आल्या आल्या ड्राइव्हच्या टोपीजवळ हात न्यायचा, चिकटवायचा नाही हं. मालक प्लग उघडू देत नसेल तर चहा पिऊन घरी यायचं.

नवीन पिकअप आणि नळी मी स्वतः बसवली, खर्च दोनशेच्या आतच आला. त्या जाहिरातीवरचा रंग बघून मात्र अजून पोटात गोळा येतो, 26 फुटी आहे, कुणी बघायला जाणार असेल तर बागेचा पाइप घेऊन जा.