हंगामपूर्व सामन्यांची वर्गणी: नवा क्वार्टरबॅक पाहायला मिळतो का?

अमेरिकन फुटबॉलचे सामने भारतात दाखवणाऱ्या एका सशुल्क ऑनलाइन सेवेची वर्गणी मी 2025 च्या ऑगस्टमध्ये, मुख्य हंगाम सुरू होण्याआधीच भरली. भाचा मिनियापोलिसला नोकरीला असल्यामुळे आमच्या जळगावच्या घरात मिनेसोटा व्हायकिंग्जचा पक्ष आपोआपच घेतला जातो, आणि त्या वर्षी जे. जे. मॅकार्थी हा तरुण प्रथमच त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, होणार होता. त्याला हंगामपूर्व सराव सामन्यांत नीट पाहून घ्यावे, एवढ्याचसाठी मी घाई केली.

सेवेबद्दल आधी सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला लागतो. श्रावणात, कानबाईच्या रोटांची गडबड घरात चालू असताना, तो थेट पाहणे जमत नाही. शिवाय पावसाची मोठी सर आली की वीज जाते ती वेगळीच. त्यामुळे रेकॉर्ड केलेला सामनाच पाहावा लागतो आणि तिथे ही सेवा उत्तम आहे, कारण धावफलक लपवून ठेवण्याची सोय असल्याने निकाल आधी कळत नाही. संपूर्ण सामन्याबरोबर सुमारे 40 मिनिटांची संक्षिप्त आवृत्तीही मिळते. परंतु नव्या क्वार्टरबॅकला पारखायचे असेल तर ती उपयोगाची नाही. दोन डावपेचांमधला वेळ तिच्यात कापलेला असतो आणि नवख्याची खरी परीक्षा नेमकी तिथेच असते: हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा निरोप ऐकणे, हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) तो सहकाऱ्यांना समजावणे, समोरची बचावफळी वाचून कोणाला तरी दोन पावले सरकवणे, आणि हे सगळे 40 सेकंदांचे घड्याळ संपायच्या आत उरकून चेंडू हातात घेणे.

आता मूळ अपेक्षेकडे येतो. 2021 पासून हंगामपूर्व सामने चारऐवजी तीनच झाले आहेत. ह्यूस्टनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात मॅकार्थी एकच ड्राइव्ह (चेंडू संघाकडे असतानाची आक्रमणाची एक फेरी) खेळला, फील्ड गोलचे, म्हणजे लाथेने खांबांमधून चेंडू मारल्याचे, तीन गुण मिळाले आणि तो बाजूला जाऊन बसला. उरलेल्या दोन सामन्यांत प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल यांनी त्याला उतरवलेच नाही. त्यांची भीती निराधार नव्हती, कारण 2024 च्या ऑगस्टमध्ये रेडर्सविरुद्धच्या पहिल्याच सराव सामन्यात दोन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) फेकणाऱ्या या मुलाच्या गुडघ्यातील मेनिस्कस ही कूर्चा फाटली होती आणि त्याचे अख्खे वर्ष वाया गेले होते. 2016 मध्ये डॅलसच्या टोनी रोमोची पाठही अशाच सामन्यात दुखावली आणि त्याची जागा डॅक प्रेस्कॉटकडे गेली.

तरीही मला तो निर्णय पटला नाही. सामन्याबाहेरच्या रोजच्या सरावात क्वार्टरबॅकला कोणी धडक मारत नाही. त्यामुळे अंगावर येणारा माणूस दिसत असताना चेंडू किती वेळ धरायचा, ही जाण तिथे येत नाही. नेटमध्ये कितीही फलंदाजी केली तरी क्षेत्ररक्षण लागलेले मैदान निराळेच असते. शिकागोतल्या पहिल्या खऱ्या सामन्यात तीन क्वार्टर मॅकार्थी चाचपडत होता, त्याचा एक पास शिकागोच्या खेळाडूने पकडून थेट टचडाउनसाठी नेला. मग चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने दोन टचडाउन फेकले, एक स्वतः धावून केला आणि सामना 27-24 असा जिंकला. त्या पहिल्या तीन क्वार्टरांतले काही चाचपडणे ऑगस्टमध्येच उरकता आले असते, असे माझे मत आहे.

किती खेळवावे, हे मिनिटांत मोजू नये. पहिल्या पसंतीची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला धडकांपासून वाचवणारी फळी, समोर उभी असताना दोन सामन्यांत मिळून चार-पाच ड्राइव्ह नव्या माणसाला द्यावेत, आणि ती लाइन मैदानाबाहेर बसली की त्यालाही बसवावे. राखीव खेळाडूंच्या आडोशाला त्याला ठेवणे हा मात्र शुद्ध अविचार. ज्याने अनेक हंगाम काढले आहेत त्याला एकही ड्राइव्ह दिला नाही तरी माझी तक्रार नाही. लॉस एंजेलिस रॅम्सचे शॉन मॅकव्हे आपल्या प्रमुख खेळाडूंना सराव सामन्यांपासून दूरच ठेवतात आणि त्यांचे त्यावाचून अडलेले नाही. दुखापत सराव सामन्यातच होते असेही नाही: 2023 मध्ये जेट्स संघाकडे नव्याने आलेला अनुभवी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स सराव सामन्यातून धडधाकट बाहेर पडला आणि खऱ्या हंगामातल्या आपल्या चौथ्याच स्नॅपवर (चालीवर) त्याच्या टाचेमागच्या शिरेने दगा दिला.

म्हणजे वर्गणीदाराच्या पदरात ऑगस्टमध्ये काय पडते? क्वार्टरबॅकपुरते बोलायचे तर फारच थोडे. दुसऱ्या अर्ध्यात समालोचकही बहुतेक वेळ पाहुण्यांशी गप्पा मारतात आणि मैदानावर काय चालले आहे ते आपले आपणच ओळखावे लागते. 90 जणांमधून 53 जणांच्या संघात शिरण्यासाठी धडपडणारी मुले पाहण्याची आवड असेल तर हा भाग रंजक आहे. मला ती थोडीफार लागली. नुसता नवा क्वार्टरबॅक पाहायचा असेल, तर वर्गणी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भरावी.