फोटोंची भिंत आणि परताव्याचा क्यूआर कोड

आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षे पूर्ण होणार होती आणि त्यांच्या पुण्याच्या घरातील दिवाणखान्याच्या मोकळ्या भिंतीवर कुटुंबाचे २१ जुने फोटो लावावेत, असे मी ठरवले. एवढे फोटो दुकानातून मढवून घेणे परवडणारे नव्हते. शिवाय त्यातील निम्मे बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले, म्हणजे चौरस होते, आणि स्वस्तात मिळणाऱ्या तयार चौकटी बहुतेक आयताकृती असतात. अशातच समाजमाध्यमावर जाहिरात दिसली: घरी जोडायच्या लाकडी चौकटींचा संच, हव्या त्या मापात, ८९९ रुपयांत. चौरस माप मिळेल का, असे मी विचारले, तेव्हा मिनिटभरात होकार आला. इतक्या तत्पर होकाराचाच खरे तर संशय यायला हवा होता.

पैसे पार्सल हाती आल्यावर द्यायचे असल्यामुळे मी निर्धास्त होते. प्रत्यक्षात पैसे दिल्याखेरीज खोके उघडू देत नाहीत, त्यामुळे ती सोय ग्राहकाचे फारसे रक्षण करत नाही. आत लाकडाऐवजी तपकिरी कागद चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघाल्या, आणि त्याही आयताकृतीच. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील ग्राहकाला दिसला पाहिजे. त्या जाहिरातीत केवळ एक मोबाइल क्रमांक होता, हे मी तेव्हा कुठे पाहिले.

खरी फसवणूक यानंतर झाली. त्या क्रमांकावर तक्रार करताच एका अतिशय नम्र गृहस्थाचा फोन आला. त्याने माफी मागितली, पूर्ण परतावा देतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन केल्यावर पडद्यावर ४,९९९ हा आकडा आणि कोणा व्यक्तीचे नाव दिसले. मी थबकले, तर तो म्हणाला, "मॅडम, हा तुमच्या परताव्याचा संकेतांक आहे, पिन टाकल्याशिवाय खात्याची खातरजमा होत नाही." मी पिन टाकला आणि ४,९९९ रुपये गेले. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, तो देताना लागतो, हे मला माहीत होते. पण समोरचा माणूस फोन ठेवू न देता बोलत राहिला की माहीत असलेलेही आठवत नाही. "व्यवहार अडकला, पुन्हा एकदा करा," असे तो म्हणू लागला तेव्हा मुलीने माझ्या हातून फोन काढून घेतला.

त्या रात्री मी लाजेने गप्प राहिले आणि तेच सर्वांत महागात पडले. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवले, तर पैसे पुढे वळते होण्याआधी ते खात्यातच रोखले जाण्याची शक्यता असते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. बँकेनेही हात वर केले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकालाच सोसावे लागत असे, आणि पिन तर मी माझ्या हाताने टाकला होता.

भिंत अखेर घरीच सजली. अप्पा बळवंत चौकातून ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड (हलका फोमचा फलक) आणला आणि पोलादी पट्टीच्या आधाराने कटरने कापला. मूळ फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून त्यांच्या प्रती चिकटवल्या. मूळ फोटो भिंतीवर लावायचेच नाहीत, हे मी पहिल्यापासून ठरवले होते, कारण पावसाळ्यातील दमटपणाने जुन्या फोटोंवरील जिलेटीनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो आणि मग सोडवताना चित्रच सुटून येते. मांडणी ठरवण्यासाठी रद्दी वर्तमानपत्राचे त्याच मापाचे तुकडे मास्किंग टेपने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवले. आईने त्यांच्या जागा चार वेळा बदलायला लावल्या. प्रिंटसह सगळा खर्च ९६० रुपये आला, म्हणजे त्या संचाच्या किमतीहून अवघे ६१ रुपये जास्त.

तक्रारीचा क्रमांक जपून ठेवला आहे. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही, आणि तीच जाहिरात गेल्या आठवड्यात नव्या नावाने पुन्हा माझ्यासमोर आली.