जुनाट कंबरदुखी: पट्टा की व्यायाम?

कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखत असेल, तर पट्टा घ्यावा की व्यायाम सुरू करावा, असा प्रश्न पडतोच.

खर्च: पट्टा साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतो, रोज वापरला की वेल्क्रो सैल पडतं. व्यायामाला सतरंजी पुरते. मात्र पहिल्या एक-दोन वेळा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत तपासून घ्या, हा खर्च वाचवू नका.

मूळ कारण: खरा फरक इथे आहे. पट्टा हालचाल आवरतो, आधार वाटतो, पण पाठीची सहनशक्ती वाढवत नाही. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१६च्या मार्गदर्शिकेतही कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत असंच म्हटलंय. सहनशक्ती वाढते ती व्यायामाने. 'बर्ड डॉग' हा व्यायाम करून पाहा: हात-गुडघ्यांवर या, उजवा हात आणि डावा पाय सरळ ताणा, १० सेकंद थांबा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला पहिल्या फेरीत ६, दुसरीत ४, तिसरीत २ वेळा. पाय नितंबापेक्षा वर गेला की कंबरेला बाक येतो आणि दुखणं वाढतं. बहुतेकांचं इथेच चुकतं.

कष्ट: पट्टा मिनिटभरात बांधून होतो. व्यायामाचा फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, पायातली ताकद कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर पट्टा आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून तातडीने हॉस्पिटल गाठा.

मणक्याचं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टर सांगतील तेवढे दिवस पट्टा वापरावा. बैठं काम करून वर्षानुवर्षं दुखणं काढणाऱ्यांनी व्यायामच धरावा.