गणवेश घेताना शिवणीतली माया बघा

दुकान सोलापुरातलं आहे. नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि मालकाशी पुढच्या वर्षीही गाठ आहे. मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, पट 62. 2024-25 ला राज्यभर एकच गणवेश होता. डिसेंबर 2024 मध्ये गणवेश घेण्याचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं, आणि आमच्या समितीने ते माझ्या गळ्यात घातलं. एका गणवेशाला 300 रुपये, प्रत्येकाला दोन जोड.

तीनशेत बसणारं कापड मालकांनी लगेच पुढे केलं. दारात उजेडाकडे धरलं तर पलीकडची रिक्षा दिसली. त्यावरचं कापड 340 ला होतं, घासाघीस करून 320 वर आले. वरचे पैसे समितीच्या अध्यक्षांनी घातले.

आता खरं सांगायचं ते. शर्ट उलटा करून मी काखेतली शिवण बघितली. माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, जेमतेम दोन दोऱ्यांची! म्हटलं, "मालक, वर्षात पोरं वाढतात, उसवायला जागा कुठाय?" ते म्हणाले, "बाई, पोरं वाढत्यात की, पण कापड बी वाढतंय ना." पण ऐकलं. शर्टाला अर्धा इंच माया ठेवली आणि पँटच्या पायाला दोन इंच दुमड. यासाठी या दुकानाला पैकीच्या पैकी.

एवढा हट्ट का, तर माझ्या वर्गातला एक तिसरीचा मुलगा. वर्षभर त्याने हात वर केला नाही. मी त्याला मठ्ठ धरून चालले होते. एकदा फळा पुसायला बोलावलं तर डाव्या हाताने पुसायला लागला, उजवा अंगाला चिकटवलेला. काख पार बरगडीपर्यंत उसवली होती. नवा शर्ट आल्यावर तो एकदम हुशार झाला असं नाही, पाढे अजून चुकतातच. पण चुकतो ते हात वर करून.

मुलींचंही तेच. स्कर्ट घातलेल्या चौथीतल्या मुली लंगडीला उतरत नव्हत्या, सतरंजीवर बसल्या की सगळं लक्ष स्कर्ट गुडघ्याखाली ओढण्यात. मी आतून चड्डी जोडलेला स्कर्ट मागितला, आणि त्याला खिसा. खिसा म्हटल्यावर मालक हसले, "मुलींना कशाला?" पेन्सिल, रुमाल, चिंचोके, कशालाही! शेवटी एका बाजूला शिवून दिला. आता त्या खेळतात आणि खिशात हात घालून उत्तरंही देतात, जे आमच्या मुख्याध्यापकांना अजिबात आवडत नाही.

गणवेशाने शिस्त लागते असं पालकसभेत दरवर्षी कुणीतरी म्हणतं. माझ्या वर्गातले दोघे एकाच रंगाचे, एकाच मापाचे शर्ट घालून तितक्याच जोमाने मारामारी करतात. कॉलर धरायला उलट सोयीची झालीय.

आता रडगाणं. 16 जूनला शाळा उघडली, त्याआधी माल देतो म्हणाले होते. आला 27 तारखेला. पहिल्या दिवशी गुलाबाचं फूल हातात आणि अंगात जुनेच कपडे. पाच मापं चुकली, ती बदलून दिली, पण जायचा-यायचा एसटीचा खर्च माझा. बटणांचं तर विचारू नका. दोऱ्याला शेवटी गाठच नाही, पहिल्या आठवड्यात चटईवर बटणांचा सडा. फोन केला तर म्हणाले, "पाठवतो." पाठवली काय, तर पिशवीभर बटणं! दोन दिवस मधल्या सुट्टीत सुईदोरा घेऊन मीच बसले, पोरं खिचडी खाऊन रांगेत उभी.

कापड तीन महिने धुऊनही आटलेलं नाही, रंग थोडा उतरलाय. ऑर्डर एप्रिलमध्येच द्या, मापं वहीत लिहून न्या आणि एक शर्ट तिथेच उलटा करून बघा. दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका, मालक गल्ल्यावर नसतात आणि पोऱ्या दर कमी करत नाही.