दुचाकीचं प्राथमिक प्रशिक्षण: आठ महिने रस्त्यावर चालवल्यानंतर काय टिकलं, काय विरलं

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवलेलं सगळंच हातापायांत राहत नाही. नेमकं काय राहिलं, हे रोज गाडी चालवायला लागल्यावर सात-आठ महिन्यांनी कळतं.

सगळ्यात पक्कं बसतं ते हाफ क्लचचं, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी सांभाळण्याचं काम. पहिला तासभर तेवढंच करून घेतात. पहिला गिअर टाकायचा, रेस अजिबात द्यायची नाही, क्लचचं लिव्हर सावकाश सोडत जायचं. इंजिनचा आवाज किंचित जड झाला आणि गाडी वीतभर सरकली की पुन्हा दाबायचं. कंटाळवाणं वाटतं, पण गर्दीत आणि चढावर हेच उपयोगी पडतं. नवशिक्याची गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा एकाच चुकीने: गाडी हलल्याबरोबर तो उरलेलं लिव्हर एकदम सोडून देतो. त्या जागी हात दोन सेकंद तसाच धरला, तर गचका बसत नाही.

स्कूटर शिकणाऱ्यांकडे मात्र कमी लक्ष दिलं जातं, ही खरी तक्रार आहे. गिअर नाहीत म्हणजे सोपं, असं धरून चालतात. स्कूटरचा क्लच इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. हळू वेगात रेस पूर्ण सोडली की तो सुटतो, चाकाला मिळणारी ओढ थांबते आणि यू-टर्नच्या मध्यावर पाय टेकावा लागतो. उपाय म्हणजे रेस किंचित धरून ठेवायची आणि वेग मागच्या ब्रेकने सांभाळायचा. दुसरा धोका रेसच्या मुठीचा. घाबरून मूठ आवळली की मनगट मागे वळतं, रेस वाढते, गाडी पुढे झेपावते, शरीर मागे जातं आणि मूठ आणखी वळते. म्हणून मनगट मुठीच्या पातळीखाली ठेवायचं, आणि गाडी ढकलताना इंजिन बंदच हवं. हे पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवं.

ब्रेकचा धडा सगळ्यात मोलाचा, आणि विसरलाही तोच आधी जातो. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. पण वजन पुढे यायच्या आत लिव्हर झटक्यात ओढलं तर एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीचं चाक अडकतं आणि गाडी घसरते. म्हणून दोन टप्पे: आधी हलका दाब, पुढचं सस्पेन्शन खाली बसू द्यायचं, मग जोर वाढवत न्यायचा. ताशी ४० किलोमीटरला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. एक सेकंद भान यायला लागला तर ११ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दमदार ब्रेक लावून साधारण १० मीटर लागतात. ताशी ६० ला हाच हिशेब १७ अधिक २३, म्हणजे ४० मीटर होतो. वेग दीडपट, अंतर जवळजवळ दुप्पट.

रोजच्या चालवण्यात इतका जोराचा ब्रेक लागत नाही, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत पाय पुन्हा मागच्या ब्रेककडेच धावतो. महिन्यातून एकदा मोकळ्या, कोरड्या जागी ताशी ३० वरून दहा वेळा थांबण्याचा सराव केला, दर वेळी जोर थोडा वाढवत, तर हात लक्षात ठेवतो. एबीएस असेल तर लिव्हर थरथरतं. ते बिघाडाचं लक्षण नाही. दाब तसाच ठेवायचा. अनेक जण दचकून सोडून देतात.

वळणाचं शिकवणं अर्धवट वाटलं. 'गाडी झुकवा' एवढ्यावर भागत नाही. चालत्या वेगात उजवीकडे वळायचं तर उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते; मग गाडी आपोआप उजवीकडे झुकते. हे ऐकायला उलटं वाटतं, म्हणून सरळ रस्त्यावर हलक्या हाताने करून दाखवायला हवं. नजरेचा धडा मात्र उत्तम होता. सरावासाठी ठेवलेल्या शंकूकडे (कोनकडे) पाहिलं की चाक त्याच्यावरच जातं, हे दहा मिनिटांत पटतं.

डबलसीट, पाऊस आणि रात्र हे विषय नुसते तोंडी उरकले जातात. मागे कोणी बसलं की मागच्या टायरची हवा माहितीपुस्तिकेतल्या दोन माणसांच्या आकड्याइतकी हवी, आणि ती टायर थंड असतानाच तपासायची. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं ओली झाली की काचेसारखी होतात. त्यांच्यावरून जाताना गाडी सरळ ठेवायची, ब्रेक त्याआधीच उरकायचा.

नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: एका प्रशिक्षकामागे किती जण असतात, आणि दिवसातला किती वेळ प्रत्यक्ष गाडीवर जातो. रांगेत उभं राहण्यातच अर्धा दिवस जात असेल, तर हाफ क्लचसुद्धा पक्का होत नाही. सरावाची गाडीही आपल्याच प्रकारची मागा. मोटरसायकलवर डाव्या हाताला क्लच असतो, स्कूटरवर तिथेच मागचा ब्रेक. एकीवर शिकून दुसरी चालवली, तर घाईच्या क्षणी डावा हात जुनंच काम करतो.