वेस्टमिन्स्टर संसद टूर: दार नीट बघा, बाकी ओघाने कळतं

लंडनच्या संसदभवनाची ऑडिओ टूर साधारण दीड तासाची. वाटच बोलकी आहे: राजाची झगा चढवायची खोली, लॉर्ड्समधलं (वरिष्ठ सभागृह) सोनेरी सिंहासन, आणि मग त्यामानाने साधंसुधं कॉमन्स (निवडून आलेल्यांचं कनिष्ठ सभागृह). खासदार ६५०, बाकांवर जागा मात्र ४२७! (तुम्हालाही तिथे टेकू देत नाहीत.)

कॉमन्सच्या दारापाशी रेंगाळाच. अधिवेशन सुरू करणाऱ्या राजाच्या भाषणादिवशी त्याचा दूत 'ब्लॅक रॉड' खासदारांना लॉर्ड्समध्ये यायचं बोलावणं घेऊन येतो, की हे दार त्याच्या तोंडावर आपटतात. काठीने तीनदा ठोठावल्यावरच उघडतात. १६४२ साली राजा पहिला चार्ल्स पाच खासदारांना पकडायला सैनिक घेऊन आला होता, त्याची ही परतफेड. पुढे १६४९ मध्ये त्याच चार्ल्सवर खटला चालला तो वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये. त्याची आठवण सांगणारी तिथल्या पायऱ्यांवरची पितळी पाटी गर्दीत सहज हुकते. विधेयकाला राजाची मंजुरी आजही लागते, पण शेवटचा नकार १७०८ चा, राणी ॲनचा.

टूर मुख्यतः शनिवारी आणि अधिवेशन नसताना. फोटो फक्त वेस्टमिन्स्टर हॉल आणि सेंट स्टीफन्स हॉलमध्ये. चर्चाच ऐकायची असेल तर टूरवर पैसे घालवू नका. प्रेक्षक गॅलरी फुकट आहे.