ठिसूळ हाडांसाठी ग्रुप क्लिनिक की वेगळी अपॉइंटमेंट?

आधी एक गोष्ट बाजूला काढू. २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचा दिवस, असतो. त्या सुमाराला सोसायट्यांत, ज्येष्ठ नागरिक संघांत मोफत तपासणी शिबिरं लागतात. ती शिबिरं म्हणजे ग्रुप क्लिनिक नव्हे. तिथे बहुतेक वेळा टाच यंत्रात ठेवून एक आकडा काढतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात. त्या आकड्यावरून फार तर पुढे तपासणी करावी का, एवढंच कळतं. पक्कं निदान करायचं तर खुबा आणि कंबरेचे मणके यांचं डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, लागतं आणि टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली आला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. शिवाय किरकोळ पडण्याने खुब्याचं किंवा मणक्याचं हाड मोडलं असेल, तर आकडा बरा असूनही डॉक्टर हाच आजार धरून उपचार करतात.

ग्रुप क्लिनिकमध्ये निदान झालेले आठ-दहा रुग्ण तास-दीड तास एकत्र बसतात. समोर डॉक्टर, जोडीला नर्स, फिजिओथेरपिस्ट किंवा आहारतज्ज्ञ. डॉक्टर एकेकाचा रिपोर्ट हातात घेतात, प्रश्न विचारतात, गोळी चालू ठेवायची की बदलायची ते सांगतात आणि बाकीचे ऐकत असतात. तेव्हा याला व्याख्यान समजू नका. ही तपासणीच असते, फक्त चारचौघांत. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये वृद्ध रुग्णांसाठी ही पद्धत १९९० च्या दशकात सुरू झाली. लंडन किंवा टोरांटोकडे राहणाऱ्या कुणाच्या आईला असं बोलावणं आलं, तर दचकायचं कारण नाही.

आपल्याकडे हाडांसाठी अशी सोय अजून क्वचितच दिसते, पण पद्धत भारतात नवी नाही. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या १००० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीसारखं एकेकटं तपासलं, निम्म्यांना पाच-पाच जणांच्या गटात. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: गटातले रुग्ण जास्त समाधानी होते, त्यांना आजाराची माहिती जास्त होती आणि ते औषधही जास्त नेमाने घेत होते. आता काचबिंदू डोळ्याचा, आपला विषय हाडांचा. तरी मला हा दाखला जवळचा वाटतो, कारण दोन्ही आजार मुकाट वाढतात आणि दोन्हींत औषध घेऊन त्या दिवशी काहीच बरं वाटत नाही. डोकेदुखीची गोळी आपण स्वतःहून मागतो. हाडांची गोळी मात्र दुखत नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात बंद होते.

पहिली भेट मात्र एकट्यानेच घ्या. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. हाडं ठिसूळ होण्यामागे दर वेळी वय आणि पाळी जाणं एवढंच नसतं. थायरॉईड किंवा पॅराथायरॉईडचा दोष, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेली स्टिरॉइड्स, आतड्याचे विकार, क्वचित मायलोमासारखा कॅन्सरही निघतो. पुरुषांत असं दुसरं कारण सापडण्याचं प्रमाण आणखी जास्त. दारू किती, पाळी कधी गेली, गर्भाशय आणि अंडाशय काढलंय का, हे प्रश्न दार लावूनच विचारायचे असतात.

औषधाची निवडही दारामागचीच. अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी स्वस्त आणि जुनी, पण अन्ननलिकेचा त्रास असेल तर नको. झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातून एकदाचं ५ मिलिग्रॅमचं सलाईन सोयीचं, पण मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ते देत नाहीत. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, हेही आधी सांगायला हवं. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, स्वतः टोचून घ्यावं लागतं आणि साधारण दोन वर्षांनी थांबवून दुसरं औषध लावतात. दातांचं मोठं काम बाकी असेल तर गोळी किंवा सलाईन सुरू होण्याआधी ते उरकायचं. एवढा सगळा हिशोब सात-आठ अनोळखी माणसांसमोर मांडण्यात अर्थ नाही.

पण औषध लिहून दिल्यावर काय? इथे वेगळ्या अपॉइंटमेंटची तुलना आपण मनातल्या आदर्श भेटीशी करतो आणि फसतो. खरी भेट आठवा. दोन तास नंबर लावून बसायचं, आत पाच-सात मिनिटं. डॉक्टर आईला विचारतात, उत्तर मुलगा देतो. “गोळ्या नीट घेते ना?” “हो हो, घेते.” पुढचा पेशंट.

ती अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी सकाळी उठल्याउठल्या, उपाशीपोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण ग्लासाबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि पाण्याखेरीज काही पोटात जाऊ द्यायचं नाही. चहासुद्धा नाही. ज्या घरात दिवसच चहाने उगवतो तिथे ही अट किती अवघड आहे, हे डॉक्टरांना मुलगा सांगणार नाही, कारण त्याला ते माहीतच नसतं. गटात शेजारच्या खुर्चीतल्या काकू सहज सांगून टाकतात की रविवारी त्या चहाचं आधण गोळीनंतर ठेवतात, म्हणजे मोह होत नाही. मग तिसरी विचारते, माझी थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच असते, दोन्हींचं कसं जमवू? हा प्रश्न एकटीला सुचला नसता. उत्तर मात्र पाचजणींच्या कामाचं असतं: दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून लिहूनच घ्यायच्या आणि कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनीच.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीचंही तसंच. आठ आठवडे सांगितलेली पुडी लोक दोन-दोन वर्षं घेत राहतात, काही तर चुकून रोज घेतात, आणि त्याने रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं. गटात एकीने ओघात हे सांगितलं की इतर तीन जणी पर्समधून स्वतःचा केसपेपर काढून बघतात.

घरात पडू नये म्हणून काय करायचं, हा विषय तर मला गटाचाच वाटतो. न्हाणीघरातली ओली फरशी, उंबरठा, रात्री लघवीला घाईने उठणं. लघवी आवरत नाही ही गोष्ट मुलासमोर किंवा सुनेसमोर कुणी आजी काढत नाही. एकीने धीर केला की बाकीच्या बोलत्या होतात. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायामही बघून बघून पटकन येतो.

गटाचे धोकेही लहान नाहीत. सगळ्यांना एकच व्यायाम दिला तर ज्यांचा मणका आधीच दबलाय त्यांचं नुकसान होऊ शकतं. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन अशी कमरेतून पुढे वाकायची आसनं त्यांनी टाळायलाच हवीत. मणका दबल्याचं बऱ्याच जणींना ठाऊकही नसतं, पाठ धरली असं म्हणून सोडून देतात. उंची दीड-दोन इंच कमी झाली असेल किंवा पोक येत असेल, तर गटात जाण्याआधी पाठीचा एक्स-रे करून घ्या. दुसरा धोका अफवांचा. “त्या गोळीने जबडा सडतो” असं एकीने म्हटलं की अर्धा गट गोळी सोडतो. जबड्याच्या हाडाचा तो त्रास खरा आहे, पण या मात्रेत अत्यंत दुर्मीळ, आणि खुबा मोडण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा. हे जागच्या जागी सांगणारा डॉक्टर खोलीत हवा. डॉक्टर दहा मिनिटं तोंड दाखवून जाणार आणि उरलेला वेळ कॅल्शियमचे डबे विकणारा प्रतिनिधी बोलणार असेल, तर घरी बसून नाचणीची भाकरी खाल्लेली बरी.

ऐकू कमी येत असेल, स्मरणशक्ती उतरली असेल किंवा नुकतंच हाड मोडलं असेल, तर गटाच्या फंदात पडू नका. गटात एकटाच पुरुष असेल तर तोही बहुधा गप्प बसून परत येतो. लहान गावात गोपनीयतेचा प्रश्न वेगळाच. समोर बसलेली बाई विहीणबाईंची मावसबहीण निघू शकते. म्हणून आधी विचारा: माझा रिपोर्ट सर्वांसमोर वाचणार का, त्यासाठी माझी संमती घेणार का, शेवटी पाच मिनिटं डॉक्टर एकट्याने भेटतील का आणि फी दर वेळची किती?

माझ्या आईसाठी निवडायचं झालं तर मी निदान आणि औषधाची निवड वेगळ्या भेटीत करीन, पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी गटात पाठवीन आणि डेक्सा पुन्हा होईल तेव्हा किंवा औषध बदलायचं असेल तेव्हा परत एकटीला नेईन. अपवाद डेनोसुमॅबचा. हे ६० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं असतं. ते लांबलं किंवा मध्येच सोडलं तर हाडांची झीज उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. गटाची तारीख दिवाळीमुळे किंवा डॉक्टरांच्या सुट्टीमुळे पुढे गेली, तर तिची वाट न बघता फोन करून वेगळी वेळ घ्या आणि इंजेक्शन ठरल्या आठवड्यातच टोचून घ्या.